दीड लाखांचा वर्ग

बालमित्रांनो, तुमच्या वर्गात मुलं किती? चाळीस? पन्नास? बाई जरा बाहेर गेल्या की केवढा गलका होतो! मग एकाच वर्गात तब्बल १ लाख ५५ हजार विद्यार्थी असतील तर?

असा वर्ग खरोखरच भरला होता. साल २०१२. अमेरिकेतल्या एमआयटी या नामवंत संस्थेने विद्युत परिपथ आणि इलेक्ट्रॉनिक्सचा अभ्यासक्रम इंटरनेटवर सर्वांना खुला केला. फी नाही, प्रवेश परीक्षा नाही. शिकवणारे प्राध्यापक होते मूळचे मंगळूरचे अनंत अगरवाल. धड्यांच्या छोट्या छोट्या चित्रफिती, मध्येच प्रश्न, गृहपाठ आणि शेवटी परीक्षा. कळलं नाही? चित्रफीत मागे न्या, पुन्हा ऐका. सर मुळीच रागावणार नाहीत!

या वर्गात मंगोलियाच्या उलानबातर शहरातला पंधरा वर्षांचा बट्टुशिग होता. त्याने चक्क पैकीच्या पैकी गुण मिळवले! असे विद्यार्थी साऱ्या जगात फक्त ३४०. पुढे त्याला एमआयटीतच प्रवेश मिळाला. आहे ना कमाल?

आता दुसरी बाजू पाहू. दीड लाखांपैकी उत्तीर्ण किती झाले? ७,१५७. म्हणजे शंभरातले पाचसुद्धा नाहीत! काहीजण नुसते डोकावून गेले असतील. पण अनेकांना विषय कठीण गेला असेल, वेळ पुरला नसेल.

मग बट्टुशिगला कसं जमलं? तो हुशार होताच, पण एकटा नव्हता. त्याचे मुख्याध्यापक स्वतः एमआयटीत शिकलेले. त्यांनी शाळेतल्या मुलांना हा अभ्यासक्रम एकत्र करायला लावला. अमेरिकेहून एक तरुण प्रयोगाचं साहित्य घेऊन मदतीला आला. पडद्यावरचा धडा मुलांनी हातांनी करून पाहिला. अडलं तर विचारायला माणूस होतं.

अशा अभ्यासक्रमांना इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘मूक’ म्हणतात. गंमत म्हणजे ते बोलतात भरपूर. मूक होतो तो एकटा बसून ऐकणारा विद्यार्थी! शंका मनातच राहते आणि अभ्यास मागे पडतो.

आपल्या देशातही २०१७ साली ‘स्वयं’ सुरू झालं. नववीपासून पदव्युत्तर वर्गांपर्यंतचे धडे त्यावर आहेत. शिकणं मोफत, प्रमाणपत्राच्या परीक्षेला मात्र फी पडते. बरेच धडे इंग्रजीत आहेत, हीदेखील आपल्याकडच्या मुलांची अडचण.

म्हणून पालकहो, मुलांच्या हाती नुसता मोबाइल देऊन ‘बस शिकत’ म्हणू नका. आठवड्यातून एकदा शेजारी बसा, ‘आज काय शिकलास?’ एवढं तरी विचारा.

आणि मुलांनो, तुम्ही दोघं-तिघं मिळून एकच विषय निवडा. वार ठरवा, वेळ ठरवा. एकाला अडलं तर दुसऱ्याने समजावायचं. कुणालाच नाही कळलं, तर वही घेऊन सरळ बाईंकडे या. धडा फुकट मिळतो हो, पण तो तडीस न्यायला सोबत लागते!