संगणकाला इंटरनेट मिळेना

मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा आहे, आज शेवटचा दिवस, आणि संगणक म्हणतो, इंटरनेट नाही! मग आपण संगणकालाच थापट्या मारतो. बिचाऱ्याचा दोष पुष्कळदा नसतोच.

आधी त्याच वाय-फायवर मोबाईल लावून पाहा. मोबाईलचा स्वतःचा डेटा मात्र बंद ठेवा, नाहीतर फसगत होते. मोबाईल चालला, तर खोट संगणकात. विमानाच्या चित्राचे बटण चुकून दाबले गेले असेल, तेही बघा.

मोबाईलही चालेना, तर फायबरच्या डबीकडे चला. तिच्यावर 'एलओएस' नावाचा दिवा असतो. तो लाल झाला म्हणजे तारेतून उजेड येत नाही. होय, उजेडच! ही तार म्हणजे केसासारखी बारीक काच. तिच्यातून प्रकाश धावतो. ती दारात चेंगरली, खिळ्याला आवळली, उंदराने कुरतडली, की प्रकाश अडला. सुटलेले टोक डोळ्यांसमोर धरू नका बरे! तार सरळ करूनही दिवा लालच, तर घरी औषध नाही. कंपनीकडे तक्रार नोंदवा.

लाल दिवा नसेल, तर डबी बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करा. दोन-तीन मिनिटे दम धरा. एवढ्याने काम होते, असे आम्ही कितीदा तरी पाहिले आहे. नाहीच झाले, तर महिन्याचे पैसे भरलेत का, ते आठवा.