जुन्या पटांचा शोध

अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर मॅसॅच्युसेट्स नांवाचें एक लहानसें राज्य आहे. शिक्षणाच्या निमित्तानें तेथें दोन वर्षें राहण्याचा योग आम्हांस आला. तेथील विद्यापीठें, ग्रंथालयें व कारखाने यांविषयीं लिहिणारे पुष्कळ आहेत. म्हणून तो विषय त्यांच्याकडे सोंपवून, शनिवारच्या सकाळीं ज्या एका छंदांत आम्ही रमून जात असूं त्याची माहिती वाचकांस द्यावी असें योजिलें आहे. तो छंद म्हणजे लोकांनीं घराबाहेर काढलेले जुने पटखेळ हुडकणें. यास खर्च थोडा लागतो. डोळे, बोटें आणि बिनचूक गणती एवढेंच भांडवल पुरतें.

या छंदास तें राज्य विशेष अनुकूल आहे, आणि त्याचें कारण इतिहासांत आहे. अमेरिकेंतील पटखेळांचे दोन मोठे कारखाने याच राज्यांत उदयास आले. स्प्रिंगफील्ड शहरांत मिल्टन ब्रॅडली नांवाचा एक शिळाछापखानेवाला होता. त्यानें १८६० सालीं 'चेकर्ड गेम ऑफ लाइफ' नांवाचा पट छापून विकला. त्या काळच्या सोवळ्या घरांत फांसा म्हणजे जुगाराचें साधन समजलें जाई. म्हणून ब्रॅडलीनें फांशाऐवजीं आंकडे घातलेली षट्कोनी भिंगरी दिली. पुढें १८८३ सालीं सालेम या बंदरांतील जॉर्ज पार्कर नांवाच्या सोळा वर्षांच्या मुलानें आपला पहिला खेळ विकण्यास आरंभ केला. त्याचीच पुढें पार्कर ब्रदर्स कंपनी झाली. (दहावीच्या वर्गांतील आमच्या मित्रांनीं त्याचें वय पुन्हां एकदां वाचावें!) या दोन्ही कंपन्या आतां स्वतंत्र राहिल्या नाहींत, हॅस्ब्रो कंपनीनें पहिली १९८४ सालीं व दुसरी १९९१ सालीं घेतली. परंतु शंभराहून अधिक वर्षें त्यांनीं छापलेले पट घरोघरच्या माळ्यांवर आणि तळघरांत सांचून राहिले आहेत. माणसें घर बदलूं लागलीं, म्हातारीं झालीं, निवर्तलीं, कीं ते पट बाहेर येतात.

बाहेर येतात ते मुख्यतः दोन ठिकाणीं. पहिलें ठिकाण म्हणजे थ्रिफ्ट स्टोअर, अर्थात् देणगीदाखल आलेल्या जुन्या वस्तूंचें दुकान. बोस्टन शहरांत १९०२ सालीं एडगर हेल्म्स या मेथॉडिस्ट पाळकानें सुखवस्तु वस्त्यांतून जुने कपडे व सामान मागून आणविलें आणि तें दुरुस्त करण्याच्या कामास गरिबांस लावून मजुरी दिली. त्यांतून गुडविल ही संस्था वाढली. आज तिचीं दुकानें देशभर आहेत. साल्व्हेशन आर्मी, म्हणजे आपल्याकडील मुक्तिफौज, हिचींही अशींच दुकानें आहेत. दुसरें ठिकाण म्हणजे यार्ड सेल. थंडीचें बर्फ वितळलें कीं मे महिन्यापासून पानगळीपर्यंत शनिवारीं सकाळीं लोक आपल्या अंगणांत घडीचीं टेबलें मांडून नको असलेलें सामान विकावयास बसतात. आदल्या दिवशीं चौकांतील खांबांवर हातानें लिहिलेले कागद लागतात, त्यांवर एक बाण व घराचा क्रमांक. पहांटे येणाऱ्यांस उत्तम माल मिळतो; दुपारीं येणाऱ्यांस भाव अर्धा पडतो; संध्याकाळीं उरलेलें सामान 'फुकट' अशी पाटी लावून रस्त्याच्या कडेस ठेवितात.

या दोन ठिकाणांची रीत एक नव्हे. अंगणांतील विक्रींत घासाघीस केली तर कोणास राग येत नाहीं. ती त्या खेळाचाच भाग आहे. थ्रिफ्ट स्टोअरमध्यें मात्र चिठ्ठीवरची किंमत मुकाट्यानें द्यावी, कारण तो पैसा धर्मादाय कामाकडे जातो. स्वस्तांत घेऊन संगणकावरून चौपट भावानें विकणारे व्यापारीही या बाजारांत फिरत असतात. त्यांचा आम्ही तिरस्कार करीत नाहीं. त्यांच्यामुळें कित्येक खोकीं भट्टींत जाण्यापासून वांचलीं आहेत. पण त्यांच्याबरोबर खेळावयास बसावें असें आम्हांस कधीं वाटलें नाहीं.

आतां मुख्य विद्या सांगतों. जुनें खोकें हातीं येतांच झाकणावरच्या चित्रास भुलूं नये. प्रथम त्याचा वास घ्यावा. तळघरांतील ओल ज्या पुठ्ठ्यांत मुरली आहे त्याची बुरशी कशानेंही निघत नाहीं, आणि ती घरांतील इतर पुस्तकांस लागते. वास बरा असेल तर खोकें उघडावें. दुकानांत तें बहुधा चिकटपट्टीनें बंद केलेलें असतें. ती पट्टी आपण ओढूं नये, कारण तिच्याबरोबर झाकणावरचें चित्र सोलून येतें. तेथल्या माणसास सांगून ती हलकेंच सोडवून घ्यावी.

उघडल्यावर मोजणें आलें. मोजावयाचें म्हणजे पूर्ण संच किती जिनसांचा असतो हें आधीं पाठ पाहिजे. 'मोनोपली' हा खेळ घ्या. आपल्याकडील 'व्यापार' त्याच घराण्यांतला. त्यांत २८ मालकीपत्रें, ३२ घरें, १२ हॉटेलें आणि दोन जातींच्या चिठ्ठ्या प्रत्येकीं १६ असतात. कोणी म्हणेल, चार घरें हरवलीं तर काय बिघडलें? बिघडतें तें असें. या खेळांत पेढीजवळचीं घरें संपलीं कीं कोणी एखादें परत करीपर्यंत इतरांस बांधकाम करतां येत नाहीं. हुशार खेळाडू मुद्दाम हॉटेल न बांधतां घरेंच अडवून ठेवितो. म्हणजे ३२ हा आंकडा केवळ सामानाची यादी नाहीं, तो खेळाचा नियम आहे. चार घरें गेलीं तर टंचाई आधीं येते आणि खेळ निराळा होतो. उलट फांसे हरवले असले तर काडीचें नुकसान नाहीं. ते कोठेंही मिळतात. कोणती वस्तु गेल्यानें खेळ जातो आणि कोणती गेल्यानें केवळ शोभा जाते, हें ओळखणें हीच या छंदांतली खरी पारख होय.

'स्क्रॅबल' या शब्दखेळांत लांकडाच्या १०० चकत्या असतात. ९८ अक्षरांच्या व दोन कोऱ्या. दहा दहांच्या ढिगाऱ्या केल्या कीं मिनिटांत हिशेब लागतो. त्यांत 'ई' हें अक्षर १२ वेळां आहे, पण 'क्यू' व 'झेड' हीं एकेकदांच. म्हणून आम्ही आधीं त्या दोघांस शोधीत असूं. एखादी चकती कमी असेल तरी निराश होऊं नये. दुसरें अपुरें खोकें पुढें केव्हांतरी मिळतेंच, आणि दोन लंगड्यांचा एक धडधाकट होतो.

'क्लू' या खेळाची गोष्ट त्याहून मौजेची आहे. हा खेळ बर्मिंगहॅमच्या अँथनी प्रॅट नांवाच्या गृहस्थानें इंग्लंडांत शोधून काढिला व १९४९ सालीं तो 'क्लूडो' या नांवानें बाजारांत आला. अमेरिकेंत त्याचें 'क्लू' झालें. त्यांत सहा संशयितांचीं, सहा हत्यारांचीं व नऊ खोल्यांचीं मिळून २१ पानें. खेळाच्या आरंभीं प्रत्येक प्रकारांतील एक एक पान न पाहतां एका लहान पाकिटांत घालतात आणि गुन्हेगार, हत्यार व जागा कोणती तें ओळखावयाचें असतें. जुन्या बाजारांत या खेळाचीं १८ च पानें भरून लोक खोकें परत ठेवितात. त्यांनीं पाकीट उघडलेलें नसतें! कोण्या घरांतला शेवटचा डाव अर्धाच राहिलेला असतो आणि त्याचें उत्तर पाकिटांत तसेंच पडून असतें.

खोक्याचें वय ठरविण्याच्याही कांहीं खुणा आहेत. झाकणावर १९३५ साल छापलेलें दिसलें म्हणजे मोनोपली त्या सालचीच असें मानूं नये. तें साल हक्कनोंदणीचें असून पुढें अनेक वर्षें तेंच छापलें जाई. पत्त्यापुढें पांच आंकडी टपालक्रमांक असेल तर खोकें १९६३ च्या पूर्वींचें असूं शकत नाहीं, कारण ही पद्धति त्या सालीं सुरू झाली. मागें काळ्या रेघांचा बारकोड असेल तर तें १९७४ नंतरचें. सोंगट्या धातूच्या न असतां लांकडाच्या असतील तर तो दुसऱ्या महायुद्धांतील धातुटंचाईचा पुरावा असण्याचा संभव आहे. प्रसंगानें सांगावेंसें वाटतें कीं या खेळाची मूळ कल्पना एलिझाबेथ मॅगी या बाईंची. भाड्यानें जमीनदार कसा गबर होतो व कूळ कसें नागवलें जातें हें दाखविण्यासाठीं त्यांनीं 'लँडलॉर्ड्स गेम' रचून १९०४ सालीं त्याचें पेटंट मिळविलें. पार्कर ब्रदर्सनें १९३५ सालीं त्या खेळाचा हक्क ५०० डॉलरांस विकत घेतला, आणि कीर्ति व संपत्ति दोन्ही चार्ल्स डॅरो या दुसऱ्याच गृहस्थाकडे गेलीं. झाकण उघडतांना हें आम्हांस नेहमीं आठवे.

पैसे देण्यापूर्वीं खोकें विकणाऱ्यासमोरच उघडावें, असा आमचा आग्रह असे. केवळ मोजणीसाठीं नव्हे. एकदां एका अंगणांत स्क्रॅबलच्या पटाखालीं गुणांच्या कागदांचा एक जाड गठ्ठा निघाला. विजेच्या बिलांच्या पाठकोऱ्या बाजूंवर त्याच दोन आद्याक्षरांखालीं वर्षानुवर्षांचे गुण मांडलेले होते, आणि सर्वांत वरचा कागद अर्धाच भरलेला होता. विकणाऱ्या बाईंनीं आई-वडिलांचें तें खोकें उघडून पाहिलेंच नव्हतें. त्यांनीं कागद तेवढे काढून घेतले, थोडा वेळ वाचीत उभ्या राहिल्या व खोकें आमच्या हातीं दिलें. पैसे मात्र घेईनात. आम्ही एक डॉलर टेबलावर ठेवून निघालों.

या शोधांत आपल्या देशची वस्तु अवचित भेटते तेव्हांचा आनंद निराळाच. न्यूयॉर्कच्या सेल्चो अँड रायटर कंपनीनें १८७४ सालीं 'पार्चीझी' हें नांव नोंदवून घेतलें; हा हिंदुस्थानचा राजखेळ आहे, असें झाकणावर छापलेलें असे. ती आपली पचिशीच. सोळा सोंगट्या, चार भुजांचा पट, मध्यें घर. कवड्यांच्या जागीं दोन फांसे आले एवढेंच. आपल्या सापशिडीसही मिल्टन ब्रॅडलीनें १९४३ सालीं तेथील वेष दिला. सापांच्या जागीं घसरगुंड्या आल्या. आमच्या मनास मात्र दुसरीच एक गोष्ट लागली. तिकडील पटाबरोबर नियम छापलेले असतात, पुष्कळ वेळां झाकणाच्या आंतल्या बाजूस. त्यामुळें ज्या कुटुंबानें खेळ टाकला तें पार विसरून गेलें तरी विकत घेणारा परका मनुष्य त्याच संध्याकाळीं खेळूं लागतो. आपल्या सारीपाटास झाकण नाहीं. पुण्याच्या जुन्या बाजारांत किंवा मुंबईच्या चोरबाजारांत कधीं कधीं कशिद्याचा सुरेख पट मिळतो. त्याच्या चारी भुजांवरचीं ९६ घरें मोजून घेतां येतात, सोंगट्याही मोजतां येतात. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांचीं १२० पानेंही तशींच मोजतां येतील. परंतु त्या पटावर ज्या घरांत खेळ चाले तेथें कोणतें दान किती मानीत, कोणत्या घरांत सोंगटी मरत नसे, हें मोजून कळत नाहीं. तें विकणाऱ्या भंगारवाल्यास ठाऊक नसतें. तें ज्यांच्या तोंडीं होतें त्यांस विचारावयास हवें होतें, आणि ज्या घरीं आजी, मावशी, आत्या अजून आहेत तेथें तें आजही विचारतां येईल.

परत आल्यावर आम्हीं घरचा पट ट्रंकेंतून काढून मोजला. एक पिवळी सोंगटी कमी होती. सुतारानें ती लिंबाच्या लांकडाची करून दिली. नियम मोठ्या आत्यांस विचारले. त्या म्हणाल्या, सहाही कवड्या पालथ्या पडल्या तर पंचवीस. धाकट्या आत्या आंतून आल्या व म्हणाल्या, छे, पांच उताण्या व एक पालथी पडली तर पंचवीस. माहेरीं असेंच खेळत होतों. दोघींचें माहेर एकच! वाद मिटला नाहीं. मग दोघींनीं सांगितलेले नियम दोन निरनिराळ्या कागदांवर उतरवून, खालीं त्यांचीं नांवें व साल घालून, ते दोन्ही कागद आम्हीं पटाच्या घडींत ठेविले आहेत.