टी.व्ही.वरचा 'पीं' आणि आपल्या वाट्याचे शब्द

रात्रीची जेवणे चालू आहेत. दहा बाय बाराची खोली, कोपऱ्यात टी.व्ही. आणि घरातील लहानथोर सगळे त्याच्यासमोर. पडद्यावर दोघांचे भांडण पेटते आणि मध्येच 'पीं' वाजते. आजी विचारते, "मशीन बिघडली काय रे?" दुसरीतला नातू घास चावता चावता सांगतो, "नाही आजी, त्याने शिवी दिली." कोणती दिली, तेही त्याला ठाऊक असते! पहिले अक्षर बहुतेक वेळा कापायचे राहून जाते, ओठ हलताना दिसतात आणि बाकीचे पोराने नाक्यावर ऐकलेले असते. झाकायचे ते झाकले जात नाहीच, उलट पोराचे लक्ष नेमके तिकडेच जाते.

हा 'पीं' म्हणजे फार मोठी विद्या नव्हे. ध्वनिमुद्रणातला तेवढा शब्द बंद करून त्या जागी एक हजार हर्ट्‌झचा एकसुरी आवाज भरतात. रेडिओ आणि टी.व्ही. केंद्रांत यंत्रे तपासायला हाच सूर पूर्वीपासून वापरतात. प्रश्न आहे तो शब्द निवडायचा कोणी, याचा. केबल टी.व्ही.चा कायदा १९९५ चा आणि त्याचे नियम १९९४ चे. सभ्यतेला सोडून काही दाखवू नये, मुलांच्या कार्यक्रमांत अपशब्द नसावेत, असे ते नियम सांगतात. पण शब्दांची यादी त्यांत नाही. म्हणजे कात्री शेवटी वाहिनीच्या कचेरीत बसलेल्या माणसाच्या हाती, आणि त्याच्या कानाला जे खटकते तेवढेच कापले जाते. चित्रपटांच्या परीक्षण मंडळाने २०१५ साली शिव्यांची एक यादी काढून पाहिली होती. एवढा गदारोळ झाला की ती बाजूला ठेवावी लागली. त्याच वर्षी मुंबईचे गायक मिहिर जोशी यांच्या एका गाण्यात टी.व्ही.साठी 'पीं' घालायला लावला तो 'बॉम्बे' या शब्दावर. शिवी कशाला म्हणावे याचा घोळ किती, ते यावरून कळते.

आई-बहिणीवरून दिलेल्या शिव्या घरात ऐकू येऊ नयेत, असे कोणत्याही आईला वाटणारच. त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण प्रत्येक शिवी एकाच मापाने मोजता येत नाही. फूलनदेवीच्या आयुष्यावरचा 'बँडिट क्वीन' सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा १९९६ साली न्यायालयाने सांगितले की असल्या शिव्या शहरात, खेड्यात रोजच कानावर पडतात, चित्रपटात आहेत म्हणून कोणी प्रौढ माणूस त्या द्यायला लागणार नाही. ज्या मल्लाह मुलीला गावाने त्या शिव्यांतच वाढवले, तिची कहाणी 'पीं' वाजवून सांगता येणार कशी?

आता आपल्या वाट्याचे शब्द पाहू. जातीचे नाव शिवीसारखे फेकणे ही या देशातली सर्वांत जुनी शिवी. आपल्या आजोबा-पणजोबांनी ती वेशीवर ऐकली, आपण कारखान्यात, कचेरीत ऐकली. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्वर्ण सिंग खटल्यात स्पष्ट केले की अपमान करण्याच्या हेतूने चारचौघांत एखाद्याला 'चमार' म्हणणे हा ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा होऊ शकतो. २०१६ साली अमलात आलेल्या दुरुस्तीने तर जातीवरून शिवीगाळ हे स्वतंत्र कलमच केले. न्यायालय हेतू पाहते, म्हणणारा कोण आणि ऐकणारा कोण ते पाहते. 'पीं' वाजवणारा मात्र फक्त शब्द पाहतो.

आणि शब्दच नसला तर? जून २०२३ मध्ये पर्यावरण दिनाला झोमॅटो कंपनीने मोबाईलवर एक जाहिरात आणली. 'लगान' चित्रपटात कचरा नावाचा अस्पृश्य गोलंदाज आहे, तेच पात्र तिच्यात घेतले. आणि त्या माणसाचा केला काय? टेबल केले, दिवा केला, कुंडी केली! टाकाऊ प्लास्टिकपासून वस्तू बनतात हे सांगण्याची ही युक्ती. एकही अपशब्द नाही, 'पीं' वाजवायला जागा नाही. जातीची टिंगल करणारी जाहिरात चालणार नाही असे केबलचे नियम म्हणतात, पण ही मोबाईलवरची. लोक बोलले, तेव्हा कंपनीने ती मागे घेतली आणि अनुसूचित जाती आयोगाने नोटीस काढली. कथा, छायाचित्रण, संकलन, एवढ्या हातांतून ती गेली असणार. एकालाही खटकले नसेल काय?

याच्या अगदी उलटे झाले ते 'फुले' चित्रपटाचे. जोतिबांच्या जयंतीला, ११ एप्रिल २०२५ रोजी तो यायचा होता. परीक्षण मंडळाने 'महार', 'मांग', 'पेशवाई' असे शब्द काढायला सांगितले, तीन हजार वर्षांच्या गुलामीच्या जागी 'कित्येक वर्षांची' करायला सांगितले. प्रदर्शन लांबून २५ एप्रिलवर गेले. इथे ते शब्द कोणी कोणाला हिणवायला वापरले नव्हते, ज्यांनी सोसले त्यांचीच ती नावे होती. फुले दांपत्याच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मुलीने १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये निबंध लिहिला, त्याचे नावच मुळी 'मांग महारांच्या दुःखाविषयी' असे आहे. तो उद्या टी.व्ही.वर वाचायचा ठरला, तर मथळ्यातच दोनदा 'पीं' वाजायचा आणि उरायचे नुसते दुःख, कोणाचे ते न कळणारे.

घरात आपण काय करायचे? नातवाने विचारले तर "गप्प बस" म्हणू नये. ती शिवी कोणाला लागते, ते त्याला सांगावे. आणि टी.व्ही.वरच्या कार्यक्रमात, जाहिरातीत जातीची टवाळी दिसली तर कार्यक्रमाचे नाव, वाहिनी, तारीख आणि वेळ तिथल्या तिथे वहीत टिपून ठेवावी. २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिली तक्रार वाहिनीकडेच करायची असते आणि तिने पंधरा दिवसांत निकाल द्यायचा असतो. तेथे समाधान झाले नाही तर वाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेकडे जाता येते, आणि त्याहीवर केंद्र सरकारकडे. कागदाची एक प्रत मात्र आपल्याजवळ ठेवावी.