घूर्णवाती वादळ : वेळेवर इशारा, भक्कम निवारा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत दरवर्षी सुमारे हजाराहून अधिक टोर्नेडोंची, म्हणजेच घूर्णवाती वादळांची नोंद होते. टेक्सास, ओक्लाहोमा आणि कॅन्सस या राज्यांच्या सपाट मैदानांवर वसंत ऋतूत मेक्सिकोच्या आखातावरील उष्ण व दमट हवा येते. तिच्यावर पश्चिमेकडील कोरडी आणि उत्तरेकडील थंड हवा येऊन थडकते. उंचीनुसार वाऱ्याचा वेग व दिशा झपाट्याने बदलत असेल, तर गडगडाटी मेघातील वर चढणारा प्रवाहच स्वतःभोवती फिरू लागतो. अशा काही मेघांच्या तळातून हत्तीच्या सोंडेसारखा भोवरा खाली उतरून जमिनीला टेकतो.

चक्रीवादळाचा पसारा शेकडो किलोमीटरांचा असतो आणि त्याची चाहूल काही दिवस आधी लागते. घूर्णवात बहुधा काही मिनिटांत विरतो व त्याचा पट्टा अरुंद असतो. परंतु त्या पट्ट्यात सापडलेल्या घरांना सावरण्यास अवधी मिळत नाही. म्हणूनच वेळेवर मिळणारा इशारा आणि तो मिळताच आसरा घेता येईल असे ठिकाण, या दोन गोष्टींवरच प्राणरक्षण अवलंबून असते. यांपैकी एक असून दुसरी नसेल, तर पहिलीचा उपयोग फारच थोडा होतो.

इशाऱ्याची वाटचाल

दिनांक १८ मार्च १९२५ रोजी मिसुरी, इलिनॉय आणि इंडियाना या तीन राज्यांतून गेलेल्या घूर्णवाताने ६९५ बळी घेतले. त्या लोकांना कोणतीही पूर्वसूचना मिळाली नव्हती. लोक भयभीत होतील, या समजुतीने ‘टोर्नेडो’ हा शब्द सरकारी अंदाजांत वापरण्याचे तेथे अनेक दशके टाळले जात होते. हे चित्र पालटण्यास १९४८ साली प्रारंभ झाला. ओक्लाहोमातील टिंकर हवाई तळावर २० मार्च रोजी घूर्णवात आदळला होता. पाचच दिवसांनी हवामानाची तशीच लक्षणे दिसताच फॉबुश व मिलर या दोन लष्करी अधिकाऱ्यांनी भाकीत वर्तविले आणि ते खरे ठरले.

वादळाच्या मागावर

वादळाचा पाठलाग करणारे अभ्यासक हे केवळ साहसवीर असतात, असा समज प्रचलित आहे. त्यांच्या कार्याचे मोल मात्र २४ मे १९७३ रोजी स्पष्ट झाले. ओक्लाहोमातील युनियन सिटी येथे नॉर्मनच्या राष्ट्रीय तीव्र वादळ प्रयोगशाळेच्या पथकाने एका घूर्णवाताचे आरंभापासून अखेरपर्यंत चित्रण केले. त्याच वेळी प्रयोगशाळेचे डॉप्लर रडार त्या मेघाचे निरीक्षण करीत होते. दोन्ही नोंदी ताडून पाहता, भोवरा जमिनीवर उतरण्यापूर्वीच मेघातील त्याची खूण रडारला दिसते, असे आढळले. १९९० च्या दशकात त्या देशात डॉप्लर रडारांचे जे जाळे उभे राहिले, त्यास अशा संशोधनाचा आधार होता.

तरीही केवळ रडारवर विसंबता येत नाही. पृथ्वीच्या गोलाईमुळे दूर अंतरावर रडारचा किरण जमिनीपासून उंचावरून जातो व खाली काय घडत आहे, ते त्याला दिसत नाही. ही उणीव प्रशिक्षित निरीक्षक प्रत्यक्ष पाहणी करून भरून काढतात. हे काम जोखमीचे आहे. ३१ मे २०१३ रोजी एल रेनो येथील घूर्णवाताची रुंदी चार किलोमीटरांहून अधिक झाली आणि त्याने एकाएकी मार्ग बदलला. अनुभवी संशोधक टिम समारस, त्यांचे पुत्र पॉल आणि सहकारी कार्ल यंग हे त्यात मृत्युमुखी पडले.

घर कोठे कमी पडते?

बाहेरील हवेचा दाब उतरल्याने घर आतून फुटते, म्हणून खिडक्या उघडाव्यात, असे पूर्वी सांगितले जाई. ही समजूत चुकीची आहे. प्रत्यक्षात खिडकी किंवा मोटारखान्याचा दरवाजा फुटला की वारा आत शिरून छपराला खालून रेटतो. त्याच वेळी छपरावरून वाहणारा वारा त्याला वर ओढतो. छप्पर उडाले की भिंतींचा आधार जातो आणि त्या कोसळतात. घर बहुधा सांध्यांतच हार खाते. छप्पर भिंतीला व भिंत पायाला धातूच्या पट्ट्यांनी आणि बोल्टांनी जखडली, तर मध्यम तीव्रतेच्या वाऱ्यात पुष्कळ घरे तग धरतात. ओक्लाहोमातील मूर शहरात २० मे २०१३ रोजी २४ जणांचा बळी गेला. त्यांत एका शाळेतील सात मुले होती. पुढील वर्षी त्या शहराने नवी घरे ताशी सुमारे २१७ किलोमीटर वेगाच्या वाऱ्यात टिकावीत, असा बांधकाम नियम केला.

अतितीव्र घूर्णवातापुढे मात्र साधे घर टिकत नाही. टेक्सास टेक विद्यापीठातील अभियंत्यांना पाहणीत असे दिसले, की सारे घर जमीनदोस्त झाले तरी मधली एखादी छोटी खोली कधीकधी उभी राहते. त्यावरून काँक्रीटच्या किंवा पोलादाने मढविलेल्या ‘सुरक्षित खोली’ची कल्पना पुढे आली. तिच्या भिंती व दारे यांची परीक्षा घेण्यासाठी सुमारे सात किलो वजनाचा लाकडी वासा ताशी १६० किलोमीटर वेगाने त्यांवर सोडला जातो.

इशारा मिळताच

- तळघरात अथवा सुरक्षित खोलीत जावे. ते नसल्यास सर्वांत खालच्या मजल्यावरील, बिनखिडकीच्या, मधल्या खोलीत आसरा घ्यावा.
- डोके व मान हातांनी किंवा जाड पांघरुणाने झाकावी.
- चाकांवरील फिरते घर सोडून जवळच्या पक्क्या इमारतीत जावे.
- रस्त्यावरील पुलाखाली थांबू नये. तेथे वाऱ्याचा मारा व उडत येणारे अवशेष अधिक घातक ठरू शकतात.

घूर्णवात केवळ अमेरिकेतच होतात, असे नाही. १७ मार्च १९७८ रोजी दिल्लीच्या उत्तर भागात आणि २४ मार्च १९९८ रोजी ओरिसा–पश्चिम बंगाल सीमेवर त्यांनी प्राणहानी घडविली. बांगलादेशात २६ एप्रिल १९८९ रोजी अशाच वादळात सुमारे १,३०० माणसे दगावली. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर येणारी वादळे निराळ्या प्रकारची असली, तरी ३ जून २०२० रोजी श्रीवर्धनजवळ किनारा ओलांडणाऱ्या ‘निसर्ग’ चक्रीवादळात कोकणातील असंख्य घरांची कौले व पत्रे उडाले. छपराचा पत्रा वाशाला, वासा भिंतीला आणि भिंत पायाला घट्ट बांधलेली असावी, हा धडा तेथेही तितकाच लागू पडतो. नवे घर बांधताना यासाठी येणारा खर्च, उडालेले छप्पर पुन्हा उभारण्याच्या खर्चापुढे अल्पच ठरतो.