द्रव्यांचा हिशेब व शेंकडा उतारा

सुताराच्या दुकानांत दाराच्या 10 झडपा तयार आहेत. प्रत्येक झडपेस 3 बिजागऱ्या लागतात. परंतु पेटी उघडून पाहतां बिजागऱ्या 24 च निघाल्या. तर किती झडपा बसतील? ज्यास पाढे येतात असा कोणताहि मुलगा सांगेल कीं 8; उरलेल्या दोन भिंतीस टेकून राहतील. येथें बिजागऱ्या संख्येनें झडपांच्या दुपटीहून अधिक होत्या, तरीहि काम अडलें तें त्यांच्यापाशींच. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण पुढील सर्व विवेचन तिच्यावर उभें आहे.

रासायनिक संयोगांतहि हाच प्रकार घडतो. द्रव्यें मन मानेल त्या प्रमाणांत एकमेकांशीं संयोग पावत नाहींत. त्यांचें प्रमाण ठरलेलें असतें. त्या प्रमाणानें पाहतां जें द्रव्य आधीं संपतें, तें मर्यादा घालणारें द्रव्य होय. तें संपलें कीं क्रिया थांबली. दुसरें कितीहि शिल्लक असो, त्याचा उपयोग नाहीं. जें वजनांत कमी तेंच आधीं संपणार, अशी पुष्कळ विद्यार्थ्यांची समजूत असते. ती चुकीची आहे. तराजू वजन सांगतो, प्रमाण सांगत नाहीं.

उदाहरणादाखल डोकेदुखीवरील सुपरिचित औषध ॲस्पिरीन घेऊं. हें शुद्ध स्वरूपांत फेलिक्स हॉफमन या जर्मन रसायनज्ञानें 1897 मध्यें तयार केलें. सॅलिसिलिक अम्लाचे 138 भाग व ॲसेटिक अनहायड्राइडचे 102 भाग यांपासून ॲस्पिरीनचे 180 भाग व ॲसेटिक अम्लाचे 60 भाग होतात. दोन्हीं बाजूंची बेरीज 240 येते, हें वाचकांनीं स्वतः करून पाहावें. आतां आपण 6.9 ग्रॅम सॅलिसिलिक अम्ल व 10 ग्रॅम अनहायड्राइड घेतलें असें समजूं. 6.9 ग्रॅमला अनहायड्राइड 5.1 ग्रॅमच पुरतें. म्हणून मर्यादा सॅलिसिलिक अम्लाची. दुसरें द्रव्य जवळजवळ दुप्पट घेतलें तें उधळपट्टी म्हणून नव्हे, तर ज्याचें औषध करावयाचें तें अम्ल मागें राहूं नये म्हणून. उरलेलें अनहायड्राइड पाणी घातलें असतां ॲसेटिक अम्ल होऊन धुवून जातें.

कागदावरील हिशेबानें ॲस्पिरीन 9 ग्रॅम मिळावयास हवें. प्रत्यक्षांत धुवून, गाळून, वाळवून 7.2 ग्रॅम हातीं आलें, तर 9 पैकीं 7.2, म्हणजे शेंकडा 80 उतारा पडला असें म्हणावें. उतारा हा शब्द साखर कारखान्यांतहि ऐकूं येतो. मात्र तेथें तो उंसाच्या वजनावर काढतात. आपला उतारा हिशेबानें ठरलेल्या कमाल उत्पन्नावर काढावयाचा आहे. हे दोन आंकडे एकमेकांत मिसळूं नयेत.

मग 1.8 ग्रॅम गेलें कोठें? कांहीं अम्लाची क्रिया पुरी झाली नसेल. कांहीं स्फटिक गाळणकागदास व कांचेस चिकटले. आणि कांहीं धुण्याच्या पाण्यांत विरघळून गेले, म्हणूनच धुण्यास बर्फासारखें थंड पाणी आणि तेंहि थोडेंच घ्यावयाचें. याच्या उलट कोणाचा उतारा 104 आला, तर आनंद मानण्याचें कारण नाहीं. स्फटिक ओले असतील, अथवा त्यांत मूळ अम्ल राहिलें असेल. फेरिक क्लोराइडचा थेंब टाकतांच जांभळा रंग आला तर अम्ल राहिलें हें निश्चित. कांहीं विद्यार्थी अशा वेळीं वहींतील आंकडा खोडून 85 लिहितात. आमच्या मतें खरा लिहिलेला 104 त्याहून पुष्कळ मोलाचा. तो निदान चूक कोठें शोधावी हें तरी सांगतो.

आतां ज्या उताऱ्यावर जगाचें पुष्कळसें धान्य अवलंबून आहे तो पाहूं. 28 भाग नायट्रोजन व 6 भाग हायड्रोजन मिळून 34 भाग अमोनिया होतो आणि त्यापासून शेतास लागणारीं खतें होतात. 14 ग्रॅम नायट्रोजनबरोबर 5 ग्रॅम हायड्रोजन घेतला, तर वजनानें हायड्रोजन कमी. तरी मर्यादा नायट्रोजनचीच, कारण त्यास 3 ग्रॅम पुरतो. अमोनिया 17 ग्रॅम व्हावा आणि 2 ग्रॅम हायड्रोजन उरावा. परंतु येथें निराळीच अडचण आहे. तयार झालेला अमोनिया पुन्हां फुटून मूळ वायु होतात, व क्रिया अर्ध्या वाटेंतच तोल साधून थांबते. उष्णता वाढवावी तर वेग वाढतो पण उतारा घटतो. दाब वाढवावा तर उतारा वाढतो पण पोलाद टिकत नाहीं. फ्रिट्झ हाबर यांनीं 1909 मध्यें कार्ल्सरुए येथें ही क्रिया करून दाखविली, व कार्ल बोश यांच्या प्रयत्नानें 1913 मध्यें ओप्पाउ येथें कारखाना सुरू झाला. (लवकरच महायुद्ध पेटलें व तोच अमोनिया स्फोटकांकडे वळला, हेंहि सांगितलें पाहिजे.) सुमारें 200 वातावरणांचा दाब असूनहि एका फेरींत शेंकडा 15 च्या आसपासच वायूचा अमोनिया होतो. म्हणून बाहेर पडणारें मिश्रण थंड करतात. अमोनिया द्रवरूप होऊन निराळा निघतो, आणि उरलेले वायु नव्या वायूंत मिसळून पुन्हां त्याच भट्टींत धाडले जातात. असे फेरे अखंड चालू राहिल्यानें शेवटीं बहुतेक सर्व वायु कामास येतो.