नखे बोलतात, पण किती?

लहानपणी बगळ्यांचा थवा दिसला, की आम्ही पोरे बोटे नाचवून नखांवर पांढरी फुले मागत असू. ती उमटली, की वडीलधारी म्हणत, "अंगात कॅल्शियम कमी!" वास्तविक ती बहुधा नखाच्या मुळाशी बसलेल्या किरकोळ माराची खूण. हाताचे नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढते. त्याबरोबर ठिपका पुढे सरकतो आणि कापलाही जातो.

गेल्या फाल्गुनात हिंगोली जिल्ह्यातील साखऱ्याला मामांकडे गेलो होतो. हळद शिजवण्याचे दिवस. मामींची नखे पिवळीधमक!

"मामी, कावीळ तर नव्हे?"

"अरे, हळदीचा हात आहे हा!" मामी हसल्या.

खरेच, कावीळ पाहावी ती डोळ्यांच्या पांढऱ्या भागात.

शेजारी त्यांची सून बसली होती. वहिनींची नखे मात्र फिकट, पातळ, चमच्यासारखी खोलगट. चार पावलांत धाप लागे. अशी नखे बहुधा लोहाच्या कमतरतेने होतात. पण खात्री रक्त तपासूनच. तपासले, हिमोग्लोबिन ७ निघाले! २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता.

बोटांची टोके फुगून नखे बाकदार झाली, निळी पडली किंवा एकाच नखातली काळी रेघ रुंदावू लागली, तरीही डॉक्टर गाठावा. नख शंका सुचवते, निदान करीत नाही.

गोळ्या सुरू झाल्या तेव्हा मामी हळूच म्हणाल्या, "रोज हिच्या हातचं जेवत होते रे, हात काही पाहिला नाही."

वाचकहो, यंदा अभ्यंगाचे तेल लावताना घरातल्या बायकांचे हात जरूर पाहा.