हातातली बाहुली, डोळ्यातली बाहुली

"डॉक्टरसाहेब, माझा चष्मा सुटला बघा! आता बिनचष्म्याचा सुईत दोरा ओवते मी."

जांब समर्थच्या एक आजी काही वर्षांपूर्वी रामनवमीच्या गर्दीत दवाखान्यात आल्या, तेव्हा त्यांनी ही बातमी मोठ्या आनंदाने सांगितली. वय ६७. आल्या होत्या रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला. मीही कौतुकाने म्हणालो, "वा आजी, नजर तर तरुण झाली तुमची!" आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावले. ते वाक्य मी बोलायला नको होते. आजचा लेख माझ्या त्या चुकीबद्दल आहे.

या आजींना बाहुल्या शिवण्याचा छंद. जुन्या लुगड्याचे काठ, खणाचे तुकडे आणि शिंप्याकडच्या चिंध्या यांतून त्या वीतभर उंचीच्या बाहुल्या करतात. अंगाचे कापड उलट्या बाजूने शिवायचे, सुलटे करून त्यात सरकी काढलेला घरचा कापूस ठासून भरायचा आणि उरलेली फट बारीक हातशिलाईने बंद करायची. केस काळ्या लोकरीचे, नाक-डोळे रंगीत दोऱ्याचे. मग नऊवारी, चोळी, गळ्यात मण्यांची पोत. कधी वासुदेव, कधी वारकरी, कधी परकर-पोलक्यातली मुलगी. शाळेत जाणारी नात प्रत्येक बाहुलीचा मोबाइलवर फोटो काढते आणि पुण्याच्या आत्याला पाठवते. हेच फोटो पुढे आजींच्या कामी आले.

त्यानंतर दीडएक वर्षाने आजींचे शिवण बंद पडले. घरात कोणी ते मनावर घेतले नाही. "वय झालं, आता बाहुल्या काय खेळायच्या?" असे चिरंजीवांचे मत. "हातच चालंना," असे आजींचे. दुपारी चार बायका बाहुल्या बघायला यायच्या, त्या यायच्या थांबल्या. आजींचे जेवण कमी झाले, झोप उडाली. शेवटी चिरंजीव त्यांना "जरा ताकदीचं औषध द्या" म्हणून माझ्याकडे घेऊन आले.

नात सोबत होती. ती मला फोटो दाखवू लागली. तीन वर्षांपूर्वीच्या बाहुलीवरचे टाके मोत्याच्या सरीसारखे एकसारखे. अलीकडच्या बाहुलीवर टाके लांब-आखूड, काठाबाहेर गेलेले. निळ्या चोळीला काळ्या दोऱ्याची शिलाई. नात म्हणाली, "आज्जीला निळा आणि काळा दोरा वेगळा कळतच नाही आता." आजींनी मोबाइल नाकाजवळ नेला, फोटो मोठा करून पाहिला आणि म्हणाल्या, "हे मी शिवलंय व्हय?"

मी विजेरी लावून त्यांचे डोळे पाहिले. दोन्ही बाहुल्यांमागे करडी-तपकिरी झाक होती. आजींना मोतीबिंदू झाला होता आणि तो त्या रामनवमीलाही सुरू झालेलाच असणार.

बाहुलीमागचे भिंग

डोळ्याच्या मधल्या काळ्या छिद्राला आपण बाहुली म्हणतो. समोरच्याच्या डोळ्यात डोकावले की आपलीच इवलीशी प्रतिमा तेथे दिसते, म्हणून हे नाव पडले असावे. गंमत म्हणजे लॅटिन भाषेतील या छिद्राच्या नावाचा अर्थही छोटी बाहुली असाच आहे.

या बाहुलीच्या मागे एक पारदर्शक भिंग असते. जवळचे पाहताना ते फुगते, लांबचे पाहताना चपटे होते. चाळिशीनंतर त्याची ही लवचीकता कमी होते, सुईचे नेढे दिसेनासे होते आणि जवळचा चष्मा लागतो. हा रोग नव्हे. पुढे वाढत्या वयात हेच भिंग गढूळ होऊ लागते, त्याला मोतीबिंदू म्हणतात. भिंगाचा मधला गाभा आधी घट्ट आणि पिवळसर होतो, तेव्हा भिंगाची शक्ती वाढते. परिणामी लांबचे अंधुक, पण जवळचे काही काळ बिनचष्म्याचे स्पष्ट दिसू लागते. रुग्णाला वाटते, नजर सुधारली. डॉक्टरी पुस्तकांत या अवस्थेला 'दुसरी दृष्टी' असे नाव आहे. ही सुधारणा फसवी असते. काही महिन्यांत, फार तर एखाद-दोन वर्षांत गढूळपणा वाढतो आणि जवळचेही जाते. भिंग पिवळे पडल्याने निळा रंग मळकट वाटतो. निळा, जांभळा आणि काळा यांत गल्लत होते. आजींच्या दोऱ्याचे कोडे ते हेच.

वाचकांनी आणखी एक कारण ध्यानात ठेवावे. रक्तातील साखर फार वाढली तरी भिंगाची शक्ती बदलते आणि चष्म्याचा नंबर थोड्या दिवसांत वर-खाली होतो. म्हणून चाळिशीचा चष्मा एकाएकी नकोसा झाला, तर डोळे आणि साखर दोन्ही तपासून घ्यावीत. नवा चष्मा करण्याची घाई करू नये.

घरच्या घरी पारख

सुई ओवता येते म्हणजे नजर चांगली, हा समज सोडून द्या. समोरच्या भिंतीवरची दिनदर्शिका सात-आठ हातांवरून पाहा. लांबचा चष्मा असेल तर तो लावून आधी उजवा डोळा झाका, मग डावा. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा वाईटाची उणीव झाकतो, म्हणून एकेक डोळा वेगळा पाहायचा. तारखेचे ठळक आकडे एका डोळ्याने अंधुक दिसले, दिव्याभोवती पसरट उजेड दिसू लागला, किंवा समोरून येणाऱ्या गाडीच्या प्रकाशाने डोळे दिपू लागले, तर नेत्रतज्ज्ञाला दाखवा.

मोतीबिंदू थेंबांनी विरघळत नाही. तो 'पिकेपर्यंत' थांबण्याचा काळही गेला. रोजच्या कामात अडचण येऊ लागली की शस्त्रक्रिया करता येते. गढूळ भिंग काढून त्या जागी कृत्रिम भिंग बसवतात. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम आपल्या देशात १९७६ पासून सुरू आहे आणि त्याअंतर्गत सरकारी रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया मोफत होते. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे थेंब नियमित घालावे लागतात. धूळ, चुलीचा धूर आणि डोळ्यात जाणारे पाणी टाळावे लागते. सुईकाम पुन्हा केव्हा सुरू करायचे ते शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनाच विचारावे. साधे भिंग बसवले असेल तर बारीक कामाला जवळचा चष्मा बहुधा लागतो. त्यात शस्त्रक्रिया फसली असे काही नाही.

टाके बिघडण्याची इतर कारणे

दर वेळी दोष डोळ्यांचाच असतो असे नाही. अंगठा आणि शेजारची बोटे रात्री बधिर होत असतील, सुई हातातून निसटत असेल, तर मनगटातील नस दाबली गेलेली असू शकते. हात मांडीवर स्वस्थ असताना कापत असेल आणि हालचाली मंदावल्या असतील, तर कंपवाताची तपासणी हवी. दम्याच्या काही औषधांनी किंवा थायरॉइड वाढल्यानेही हात कापतात. मात्र एकाएकी एका हातातील शक्ती गेली, तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळले, तर तो पक्षाघात समजून त्याच क्षणी मोठे रुग्णालय गाठावे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येते. डोळा एकाएकी लाल होऊन फार दुखू लागला आणि दिसेनासे झाले, तरीही थांबू नये.

बाहुल्या म्हणजे पोरखेळ?

चिरंजीवांना मी एक गोष्ट सांगितली. फ्रान्समध्ये मादाम द्यु कुद्रे नावाच्या एक सुईणबाई होत्या. बाळंतपणात आई व मूल दगावण्याचे प्रमाण तेव्हा मोठे होते. बाईंनी कापड, चामडे आणि कापूस वापरून बाळंतिणीच्या अंगाची आणि बाळाची हुबेहूब बाहुली शिवली. १७५९ मध्ये राजाने त्यांना गावोगाव शिकवण्याची आज्ञा दिली आणि पुढे अनेक वर्षे त्यांनी खेड्यांतील बायकांना त्या बाहुलीवर सुईणपण शिकवले. तसली एक बाहुली रुआँ शहरातील संग्रहालयात आजही जपलेली आहे. आम्ही डॉक्टर मंडळीही प्रसूतिशास्त्राच्या तोंडी परीक्षेत बाहुली हातात घेऊनच घाम गाळतो! दवाखान्यात सुईला घाबरणाऱ्या पोराला मी आधी त्याच्या बाहुलीला इंजेक्शन देऊन दाखवतो. निम्मे रडणे तेथेच थांबते.

आजींच्या छंदाने रक्तदाब बरा होईल असे मी म्हणणार नाही. गोळी ती गोळीच. पण बोटे हलती राहतात, डोके गुंतते, आल्यागेल्याशी बोलायला विषय मिळतो. तो छंद सुटला तेव्हा आजींची भूक आणि झोपही गेली, हे आपण पाहिलेच.

शिवणाऱ्यांनी आणि फोटो काढणाऱ्यांनी

१. उजेड खांद्यावरून, उजव्या हाताने शिवणाऱ्यास डावीकडून यावा. काळ्या कापडाचे काम दिवसाच करावे.

२. दर वीस मिनिटांनी सुई ठेवून खिडकीबाहेर लांब पाहावे, मान आणि बोटे मोकळी करावीत. पाठीला टेकू असावा. काम मांडीवर न ठेवता उशीवर उंच घ्यावे, म्हणजे मान कमी वाकते.

३. बसताना सुया मोजाव्यात, उठताना पुन्हा मोजाव्यात. मधुमेहाने पाय बधिर झालेल्या माणसाला पायात मोडलेली सुई कळतही नाही. सुई, टाचणी तोंडात धरू नये.

४. फोटोसाठी जमिनीवर वाकू नये. बाहुली खिडकीजवळ स्टुलावर, आपल्या नजरेच्या उंचीवर ठेवावी. एक फोटो पूर्ण बाहुलीचा आणि एक टाक्यांचा जवळून काढावा. मोबाइलवर तारीख आपोआप नोंदली जाते. वर्षभराचे फोटो ओळीने पाहिले की हाताची व नजरेची जणू वहीच तयार होते.

५. तीन वर्षांखालील मुलाच्या बाहुलीला बटण, मणी, टिकल्या लावू नयेत. डोळे दोऱ्यानेच भरावेत. तीन सेंटिमीटरपेक्षा लहान वस्तू श्वासनलिका बंद करू शकते. गळ्यात लांब नाडी नको. आत कापूसच भरावा. धान्य भरले तर किडे आणि उंदीर येतात. बाहुली अधूनमधून गरम पाण्याने धुऊन कडक उन्हात पूर्ण वाळवावी, विशेषतः घरात दमा असेल तर.

आजींच्या दोन्ही डोळ्यांच्या शस्त्रक्रिया काही आठवड्यांच्या अंतराने पार पडल्या. नवा चष्मा आल्यावर त्यांनी घरातल्या सगळ्या बाहुल्या काढल्या, काळ्या दोऱ्याची शिलाई उसवली आणि निळ्या दोऱ्याने पुन्हा घातली. मागच्या महिन्यात त्या रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आल्या, तेव्हा पिशवीतून एक बाहुली काढून माझ्या टेबलावर ठेवली. पांढरा कोट, गळ्यात काळ्या लोकरीची नळी, नाकावर तारेचा चष्मा.

"हे तुम्ही," आजी म्हणाल्या. "चष्मा मुद्दाम घातलाय. तुम्हालाबी नीट दिसलं नव्हतं."

ती बाहुली माझ्या टेबलावर आहे. आता कोणी "माझा चष्मा सुटला" म्हणत आले, की आधी मी त्यांना समोरची दिनदर्शिका वाचायला लावतो.